भेगेपाशी बोलणारी ताई

धाकटीला कडा चढायची भीती अशी कधी वाटलीच नव्हती, कारण खाली दोरी धरायला ताई असायची. ताई जमिनीवर पाय रोवून उभी राहायची, दोरी सोडायची, आवळायची, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "घाबरतेस काय गं, सुटलीस तरी मी आहे ना खाली." माणसाला एवढं पुरतं हो. मग ताई आजारी पडली आणि बघता बघता गेली.

त्यानंतर दोरी भावजींनी धरली. भावजींचं चष्म्याचं दुकान. उभा जन्म काचा घासण्यात गेलेला, कड्याशी त्यांचा काय संबंध? पण बायकोची जागा रिकामी बघवेना म्हणून शिकले, आणि शिकले ते अगदी नीट.

पहिल्याच रविवारी धाकटी निम्म्या उंचीवरच्या भेगेपाशी पोचली आणि तिथेच थिजली. बोटं घामाने निसटायला लागली. आणि कानाशी ताई बोलली, नेहमीसारखी, जरा चिडूनच. धाकटी रडत उतरली आणि भावजींना सगळं सांगून बसली.

"नक्की तीच?" भावजींनी विचारलं.

"तीच, भावजी. आवाज ओळखत नाही का मी?"

झालं. पुढच्या रविवारी भावजी तिच्याआधी हजर. मग तोच परिपाठ झाला. धाकटीने भेगेपर्यंत जायचं, घाबरायचं, ऐकायचं, उतरून सांगायचं. भावजींनी चातकासारखी वाट बघत उभं राहायचं. ताई काय वेगळं बोलणार? तेच ते. पण भावजी दर वेळी नव्यानं ऐकायचे.

पण भीती काही कड्यावरच थांबत नाही, ती मागोमाग घरी येते. धाकटी कवळ्या बनवायच्या कामावर होती. तिथे तिचे हात थरथरायला लागले, मेणातले दात वाकडे बसायला लागले. मालक म्हणाले, "बाई, हे असं चालायचं नाही." तेव्हा कुठे ती मास्तरणीकडे गेली. ही मास्तरीण कडे चढणाऱ्यांच्या मनाची मशागत करायची, आणि जिभेला हाड नव्हतं.

"अडलीस की कुणाचा आवाज ऐकतेस?"

"ताईचा."

"ती आता दोरी धरते का?"

धाकटीला इतका राग आला की उठून जावंसं वाटलं. पण गेली नाही.

मास्तरणीने तिला लांब श्वास सोडायला शिकवलं. कमी उंचीवरून मुद्दाम हात सोडायला लावले, मग थोडं वरून, मग आणखी वरून, दोरी झेलते हे अंगाला पटेपर्यंत. आणि मनाशी बोलायचं ते स्वतःच्या शब्दांत, तेही फक्त पुढच्या हालचालीपुरतं. डावा पाय. श्वास. आता हात.

मग एका रविवारी धाकटी भेगेपाशी आली. छातीत धडधड झालीच. तिने श्वास सोडला, डावा पाय टेकवला, हात वर घातला, पुन्हा श्वास. माथ्यावर पोचून बसली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की भेग कधीच मागे पडली. तिने कान दिला. नुसता वारा. इतकं चांगलं चढून इतकं वाईट तिला कधीच वाटलं नव्हतं.

खाली उतरल्यावर भावजींनी विचारलं, "काय म्हणाली?"

खोटं बोलायला कितीसा वेळ लागतो? जिभेवर आलंही होतं. पण त्या माणसाकडे बघून तिला ते जमेना.

"नाही बोलली, भावजी. मी थांबलेच नाही तिथे."

"छान, छान," भावजी म्हणाले. "बरी झालीस तू. तिला तेच हवं असणार." मग बराच वेळ ते दोरी गुंडाळत राहिले. गुंडाळलेली दोरी त्यांनी पुन्हा उलगडली.

"मला एकदा जाता येईल का गं वर? त्या भेगेपर्यंतच," ते हळूच म्हणाले. "मला उंचीची फार भीती वाटते. लहानपणापासून."

हे सांगताना त्यांचा चेहरा आशेने उजळला होता. धाकटीला रडू आवरेना. तिने कमरेचा पट्टा सोडला, भावजींच्या कमरेला बांधला, आणि तो त्यांना सैल होतो म्हणून आणखी ओढून घेतला.