दोन हजार सतरा फरश्या

"पुन्हा एक उरली!" म्हातारा फरशीवाला हातातली दोरी फेकून ओरडला आणि परसातल्या मातीत मटकन बसला.

बत्तिसाच्या ओळी मांडून झाल्या, छत्तिसाच्या झाल्या, आज बेचाळिसाच्या. दर वेळी सगळं चोख जुळत यायचं आणि शेवटी एक फरशी हातात राहून वाकुल्या दाखवायची. चाळिसाच्या ओळींनी तर सतरा उरवल्या होत्या.

फरश्या होत्या दोन हजार सतरा. बायकोनं कारखान्यात स्वतःच्या हातानं साच्यात दाबलेल्या, शेवटच्या. त्या वाळल्या आणि आठवड्याच्या आत ती गेली. कुठे बसवायच्या, ते काही बोलली नव्हती. परसात चौकोनी अंगण करायचं, एकही फरशी कापायची नाही, एकही बाहेर ठेवायची नाही, असा त्यानं हट्ट धरला होता. ज्यानं उभ्या जन्मात कुणाच्या बापाचं ऐकलं नाही, तो एका आकड्याचं काय ऐकणार?

त्याची लेक शाळेत गणित शिकवायची. ती दारातून म्हणाली, "बाबा, किती वेळा सांगू? ती मूळ संख्या आहे. तिला कशानंच भाग जात नाही. एकाच लांब ओळीत घातल्या, तरच सगळ्या बसतील."

"म्हणजे काय, रस्त्यापर्यंत नेऊ? लोक म्हणतील, म्हातारा वेडा झाला."

"मग एक फोडा. दोन हजार सोळा राहिल्या की हव्या तशा मांडा."

तो ताडकन उठला. हातोडी उचलली, उरलेल्या फरशीवर धरलीसुद्धा. हात काही खाली येईना. हातोडी त्यानं कुंपणाकडे भिरकावली.

"तुझ्या आईला एक कमी करायला काय झालं होतं? जन्म त्या कारखान्यात काढला आणि जाताना माझ्या डोक्याला हा ताप देऊन गेली!"

त्याला खरंच राग आला होता. गेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही, याचा तर जास्तच.

लेक येऊन त्याच्याशेजारी बसली. "बाबा, आई नेहमीच एक जास्त करायची. आपल्या न्हाणीच्या वेळी केली, मावशीच्या ओट्याच्या वेळी केली."

"कशाला?"

"तुमच्या हातून एक तरी फुटणारच, म्हणायची. ही तुमच्या नावाची."

या फरश्या हातगाडीवरून त्यानं एकट्यानं घरी आणल्या होत्या. हमालाला हात लावू दिला नव्हता. मधे गोणपाट घालून, खड्डा दिसला की गाडी थांबवून, कित्येक खेपा केल्या होत्या. एकीचाही टवका उडाला नव्हता.

उरलेली फरशी त्यानं मांडीवर घेतली आणि बाहीनं पुसली.

"एकही फुटली नाही," तो म्हणाला.

"हो बाबा."

"तुला नाही गं सांगत," तो म्हणाला आणि तशीच पुसत राहिला.