अर्धं वाचन

गोठ्यात भांडण पेटलं तेव्हा चर्चची पहिली घंटा झाली होती. काकू धार काढत होत्या, काका दारात उभे.

"आज वाचू नकोस म्हणतो ना मी. फादरांना सांग, दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून."

"का? आजवर कधी खाडा केलाय मी?"

"अगं, आजचं वाचन काय आहे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणूनच वाचणार."

आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळं शब्द न् शब्द कानावर आला. काकू गावाचं शिवणकाम करायच्या आणि दर रविवारी चर्चमधल्या उपासनेत, मिस्साला, बायबलमधलं पहिलं वाचन करायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा उन्हाळ्यात गेला. विहिरीतला गाळ काढायला काकांनीच त्याला खाली उतरवलं होतं. तळाशी विषारी हवा साठलेली. वरून हाका मारल्या, पण ओ आली नाही. तेव्हापासून नवरा-बायको वैरणीपुरतं आणि दुधापुरतं बोलायचे.

आणि आजच्या वाचनात एका विधवेचा मुलगा मरतो. एलिया संदेष्टा त्याला उठवतो.

पायांना रानातली ओली माती घेऊनच लोक बाकांवर बसले होते. काकू उभ्या राहिल्या. आवाज खणखणीत. मुलगा आजारी पडला, त्याचा श्वास थांबला, इथवर सरळ वाचलं. मग ती विधवा एलियाला जाब विचारते, तिथं काकूंनी मान वर केली आणि पुस्तकात न बघताच विचारलं, "माझं लेकरू मारायला आलास का तू?"

नजर थेट काकांवर.

काकांनी मान खाली घातली नाही. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच ते रडले. सगळ्यांदेखत, तोंडही न झाकता.

काकूंनी पुस्तक मिटलं. मुलगा जिवंत होतो ते वाचलंच नाही. फादर पुढचं वाचायला उठले, तशा काकूंच्या म्हाताऱ्या सासूबाई बाकावरून म्हणाल्या, "बसा फादर. झालं तिचं."

मिस्सा सुटल्यावर फादरांनी काकूंना दारात गाठलं. "बाई, वचन असं अर्धं सोडू नये."

"हे वाचन परत कधी येतं?"

"तीन वर्षांनी."

"तेव्हा बघू. आज जीभच वळली नाही."

काका पायरीखाली थांबले होते. काकू त्यांच्याजवळ गेल्या. "चला. वासरू सोडायचंय."

घरची जवळची वाट विहिरीवरून जाते. दोघं लांबच्या बांधानं गेले.