मागच्या दाराची साखळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गोदाम दुपारी बारालाच बंद व्हायचं होतं, आणि ज्योत्स्नाचा जीव सकाळपासून असोद्यात जाऊन बसला होता. तिथं आईकडे तिची अडीच वर्षांची लेक होती. पहाटे व्हिडिओ कॉलवर ती एवढंच म्हणाली होती, "मम्मी, झोका बांधला. तू ये ना." मग फोन चाटायला लागली. ज्योत्स्ना त्या धूसर झालेल्या पडद्याकडे बघून हसली आणि गणवेशाची बटणं लावत ड्युटीवर निघाली.

गोदाम धुळ्याबाहेर महामार्गाला लागून होतं. साबण, शाम्पू, डबाबंद माल इथं उतरायचा आणि खोक्यांत भरून गावोगाव जायचा. ज्योत्स्ना फाटकावर बायकांची झडती घ्यायची. पडद्याआडच्या खोलीत एकेकीला घ्यायचं, खांद्यापासून कमरेपर्यंत हात फिरवायचा आणि वहीत एक रेघ ओढायची. आत मोबाईल न्यायला बंदी होती. ते तिच्याच केबिनमधल्या लाकडी खणांत राहायचे, प्रत्येकीच्या नंबराच्या खणात.

हे सगळं फेब्रुवारीतल्या चोरीनंतर कडक झालं होतं. चोर मागच्या आणीबाणीच्या दारातून आले होते. दोन गार्डांची नोकरी गेली. मग कार्डाची मशीन आली, पुढच्या शटरला सील आणि दोन कुलपं आली. एका कुलपाची चावी ज्योत्स्नाकडे, दुसरी जळगावच्या ऑफिसात बसणाऱ्या सुरक्षाप्रमुख छगनभाऊंकडे. आणि मागच्या दाराच्या कड्यांत बाहेरून साखळी ओवून कुलूप ठोकलं गेलं. बायका पहिल्या दिवसापासून कुरकुरत होत्या, कारण त्यांची वस्ती मागच्या अंगाला होती आणि आता अख्ख्या भिंतीला वळसा पडायचा.

बाराला दहा कमी असताना बायका सुटल्या. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं. सगळ्यांनी डोळ्यांपर्यंत स्कार्फ आवळलेले. घरी घागर भरायची होती, चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकून पितरांना जेवायला बोलवायचं होतं, त्यामुळे कुणाचाच पाय ठरत नव्हता. बेबाबाई सगळ्यांत जुनी. तिनं नेहमीसारखी मशीनशेजारच्या खिळ्यांवरून सगळ्यांची कार्डं गोळा केली आणि पत्ते पिसल्यासारखी मशीनवर एकामागून एक लावली.

"बेबाक्का, ज्याचं कार्ड त्यानं लावायचं असतं!"

"अवं माय, तुन्ही मशीन रोज रडस. आज सणना दिन तरी तिले उगी ठेव."

सगळ्या हसल्या. ज्योत्स्नाही हसली. तिलाही अडीचची गाडी धरायची होती.

झडती भराभर चालली. बेबाबाईचा घामेजलेला खांदा, मेघाच्या बांगड्या... तिच्या हाताला सगळ्या पाठ होत्या. शेवटची बाई आली तेव्हा ती वहीतच बघत होती. डावा हात खांद्यावर ठेवला आणि तिला एकदम बरं वाटलं. खांदा गार होता. माठाला हात लागावा तसा गार.

"मांगलं दार उघड, पोरी," स्कार्फमधून आवाज आला.

"आता सोमवारी सांगा छगनभाऊंना," ज्योत्स्ना हसत म्हणाली आणि बारावी रेघ ओढली. बारा कार्डं, बारा रेघा. मान वर केली तेव्हा पडदा हलत होता.

पर्यवेक्षक सील लावून, आतले दिवे-पंखे बंद करून गेला. आता दोनला बदली येईपर्यंत ती एकटीच. पत्र्याचं गोदाम उन्हात कडकड करत होतं. महामार्गही सणामुळे सुनाच होता.

सव्वा वाजता फाटकाशी मोटारसायकल थांबली. रुपसिंग होता, गोदामातल्या बारा नंबरच्या कस्तुराचा नवरा. कस्तुराला सातवा महिना होता. दोघं मूळचे सातपुड्याच्या पायथ्याचे. आज ती माहेरी जाणार होती.

"ताई, मनी कस्तुरा कोठे शे?"

"केव्हाच गेली की. बठ्ठ्या गेल्या, बाराच्या बारा."

"घर नही उनी. तासभर वाट देखी मी. फोन वाजस, पन उचलत नही."

त्यानं परत फोन लावला. ज्योत्स्नाच्या पाठीमागे, लाकडी खणांत, बारा नंबरचा मोबाईल थरथरायला लागला.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. वाजून वाजून तो बंद पडला.

बाकीचे अकरा खण रिकामे होते. सणाला माहेरी निघालेली बाई मोबाईल विसरून जाईल? लेकीच्या वेळी सातव्या महिन्यात ज्योत्स्नाला स्वतःला चक्कर आली होती, ओट्याला धरता धरता. तेव्हा सासू मागे होती. इथं मागे कोण आहे?

तिनं छगनभाऊंना फोन लावला.

"मशीन काय म्हणते?" पलीकडून ताटवाट्यांचा आवाज येत होता.

"बारा बाहेर. पण कार्डं बेबाक्कानं लावली भाऊ, सगळ्यांची."

"आणि तुझी वही?"

"बारा."

"मग झालं तर. तूच हात लावून सोडलं ना बाराव्या बाईला?"

"हो."

"मग? असेल कुठं मैत्रिणीकडे. सील तोडायचं नाही हां ज्योत्स्ना. फेब्रुवारीतले दोघं आठवतात ना? मी पाचला येतो चावी घेऊन."

पाच. आत पंखे बंद आणि वर तापलेला पत्रा. तिनं कॅमेऱ्याचा पडदा पाहिला. लांबच लांब ओळी, मांडणीवर खोकी, कुठं काही हलत नव्हतं. मागच्या दाराजवळ नव्या मालाची थप्पी होती, तिच्यामागचा कोपरा मात्र पडद्यावर येतच नव्हता.

तेव्हा तिला तो खांदा आठवला. चव्वेचाळीस डिग्रीत सकाळी सहापासून खोकी उचललेल्या बाईचा खांदा गार कसा? आणि पोट? तिचा हात पुढून कमरेपर्यंत गेला होता. कस्तुराचं पोट हाताला लागल्याशिवाय कसं राहील? ज्योत्स्ना रोज तिथं हात हलका करायची, आतून पाय लागला की दोघी हसायच्या. आज काहीच लागलं नव्हतं. ती कस्तुरा नव्हती. आणि बाकीच्या अकरा तर तिनं नावानिशी सोडल्या होत्या.

तिच्या तळहाताला आता, भर उन्हात, पुन्हा गार लागलं.

"रुपसिंगभाऊ, गाडीत टामी आहे? लोखंडी पहार?"

"शे. काब्रं?"

"मागचं दार उघडायचंय."

भिंतीला वळसा घालून दोघं पळाले. मागे पार वस्तीपर्यंत चिटपाखरू नव्हतं. ज्योत्स्नानं पत्र्याच्या दाराला कान लावला आणि चटका बसून मागे घेतला. मूठ आपटली. "कस्तुरा! ए कस्तुरा!" आतून काही नाही. नोकरी गेली तर लेकीच्या दुधाचं काय, हा विचार येऊन गेला. खोटं कशाला बोला, आला. पण तोवर रुपसिंगनं लोखंडी पहार कुलपात घातली होती, आणि ज्योत्स्ना त्या पहारीवर पूर्ण भार टाकून उभी होती.

तिसऱ्या झटक्याला कुलूप तुटलं. साखळी सळसळत खाली गेली, दार उघडलं आणि आतली हवा भट्टीसारखी अंगावर आली.

कस्तुरा उंबऱ्यालगतच पडली होती, थप्पीमागे, दाराकडे तोंड करून. ढकलून ढकलून बोटांची नखं तुटली होती. ओठ पांढरे. ज्योत्स्नानं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिचाच स्कार्फ रुपसिंगच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवून गळ्यावर, मनगटांवर ठेवला. मग पोटावर हात ठेवला आणि श्वास रोखून थांबली. बराच वेळ काही नाही. मग आतून हळूच, नाराजीनं दिल्यासारखी, एक लाथ बसली.

"जित्तं शे," ती रुपसिंगला म्हणाली आणि तिलाच रडू फुटलं.

ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना कस्तुरानं डोळे उघडले. चक्कर आली म्हणून घडीभर टेकले, उठले तो अंधार, असं ती तुटक तुटक म्हणाली. हाका मारल्या, कुणी ऐकलं नाही.

छगनभाऊ जेवण टाकून आले. तुटलेलं कुलूप पाहिलं, दवाखान्यात फोन करून आई-बाळ दोघं बरी असल्याची खात्री केली आणि खुर्चीत बसले. आवाज एकदम मऊ झाला होता.

"जबाब लिहावा लागेल. तू असं लिही, अकरा बायका तपासल्या, घाईत एक रेघ जास्त ओढली गेली. लेखी ताकीद येईल, नोकरी राहील. मी बघतो."

ज्योत्स्नानं पेन घेतलं. अडीचची गाडी केव्हाच निघून गेली होती. अकरा लिहिणं सोपं होतं, सगळ्यांना पटलंही असतं. पण मग आपल्याला दार उघडायला सांगितलं कुणी?

तिनं लिहिलं, 'बारा बायकांना मी हात लावला. बारावी कोण होती ते मला माहीत नाही. तिनं मला मागचं दार उघडायला सांगितलं. मी दीड तास उशीर केला.'

छगनभाऊंनी कागद दोनदा वाचला. डोळे वर न करता विचारलं, "तिकडचं दार आता लावलंय का?"

"नाही. उघडंच आहे."

ते उठले, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथूनच बघत उभे राहिले. पुढे गेले नाहीत.

"राहू दे उघडं," ते परत येऊन म्हणाले. "आज पितरांचा दिवस आहे. कुणी लावायला जायचं नाही तिकडे."