म्हस्कूचा प्रतिनिधी

दत्ताचा पाय काही केल्या थांबेना. टेबलाखाली तो सारखा हलत होता. सहा फुटांच्या खुणेवर ठेवलेल्या शेजारच्या खुर्चीत म्हस्कू मात्र कीर्तनाला बसल्यासारखा शांत होता. खरं तर नोकरी जायची होती म्हस्कूची. कंपनीने त्याच्यावर चाळीस दिवस न सांगता गैरहजर राहिल्याचा आरोप ठेवला होता आणि आज त्याची चौकशी होती. दत्ता युनियनच्या कमिटीवरचा माणूस, म्हणून म्हस्कूचा प्रतिनिधी.

प्रकरण साधं होतं, आणि घोळ तिथंच होता. लॉकडाऊन लागला तशा रांजणगावच्या कंपन्या बंद झाल्या, आणि कारेगावच्या खोल्यांना कुलपं घालून हे दोघं दौंडकडच्या आपल्या गावी गेले. मे महिन्यात कंपनी सुरू झाली. पहिल्या तुकडीत म्हस्कूचं नाव आलं. पण तोवर गावाने स्वतःचंच सरकार स्थापन केलं होतं. वेशीवर बाभळीच्या फांद्या, त्यामागे ट्रॉली आडवी आणि पाळीपाळीने पहारा. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. म्हस्कू डबा बांधून मोटारसायकलवर वेशीपाशी आला, त्या सकाळी पहाऱ्यावर होता दत्ता.

"माघारी फीर," दत्ता म्हणाला होता. "कंपनीचं मी बघतो. युनियन कशाला हाय मग?"

हातात काठी असली की माणसाला असं बोलायला फार सोपं जातं. म्हस्कू माघारी फिरला. आठ दिवसांनी फांद्या हटल्या तेव्हा त्याने फोन केला, जाऊ का म्हणून. "मी सायबांशी बोललोय," दत्ताने सांगितलं. "निरोप येईल तवा ये. उगं गेटवरनं परत पाठवतील." त्या बोलण्याचं काय झालं, हे दत्ताने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. तो स्वतः दुसऱ्या तुकडीत कामावर गेला. म्हस्कू वस्तीवर निरोपाची वाट बघत राहिला. निरोप आला नाही, रजिस्टर पोस्टाने चार्जशीट आली. कंपनीचा कागद म्हणून म्हस्कूच्या आईने, सगुणाबाईने, तो आधी देवापुढे ठेवला.

"ग्रामपंचायतीचं पत्र आहे," एचआरच्या गौतमी मॅडमनी कागद पुढे सरकवला. "रस्ता बंद केल्याची कुठलीही नोंद नाही."

नोंद असणार कशी? बेकायदा काम कोण लिहून ठेवतं?

चौकशी अधिकारी पुण्याचे वकील होते. त्यांनी म्हस्कूला विचारलं, "तुम्हाला अडवलं कुणी?"

"गावानं."

"गाव हात आडवा करत नाही. माणूस करतो. एक नाव सांगा."

म्हस्कूने जरा विचार केला. "तोंडं बांधलेली व्हती सायेब समद्यांची."

दत्ता समोरचे कागद उगाच चाळू लागला. वकीलसाहेब म्हणाले, "नाव नाही, पुरावा नाही. मग मी काय लिहू?" आणि त्यांनी चहासाठी दहा मिनिटं सोडलं.

बाहेर पार्किंगच्या शेडमध्ये दत्ताने तीन फेऱ्या मारल्या, मोबाईल काढला, परत ठेवला. आपण त्या दिवशी गावचे होतो की युनियनचे, हे त्याचं त्यालाच कळेना. म्हस्कू निवांत चहाला फुंकर घालत होता, आणि त्याचा तो निवांतपणाच दत्ताला सहन होईना.

"माझं नाव का घेत न्हाईस?" तो शेवटी वसकन म्हणाला.

"घेऊन काय करू? कामावर येणाऱ्याला आडवलं म्हणून तुम्हाला बी चार्जशीट देतील. मग माझ्या बाजूनं बसणार कोन?"

म्हस्कूने हे अगदी सरळपणे सांगितलं, हिशेब समजावून सांगावा तसं. दत्ताला लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. दोन मुलं, कारेगावात घेतलेला प्लॉट, कमिटीवरची जागा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. तरी आत गेल्यावर तो खुर्चीत बसलाच नाही.

"साहेब, अडवणारा मीच होतो. पहाऱ्यावर माझी पाळी होती. लिहून घ्या."

गौतमी मॅडमची मान झटकन वर आली. "हे गैरवर्तन होतं, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

"साक्ष द्यायची तर प्रतिनिधी म्हणून बसता येणार नाही," वकीलसाहेबांनी बजावलं. दत्ता पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसला. त्याने तारीख सांगितली, वेळ सांगितली, ट्रॉली कुणाची तेही सांगितलं. टायपिस्टने सगळं लॅपटॉपवर उतरवलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं दत्ताला वाटलं. जे काय व्हायचं ते होऊ दे, म्हस्कूचं तरी काम झालं, असं त्याने मनाशी म्हटलं.

"आठ दिवसांचं समजलं," वकीलसाहेब म्हणाले. "उरलेल्या बत्तीस दिवसांचं काय? म्हस्कू, आता तुम्हाला प्रतिनिधी नाही. साक्षीदाराला काही विचारायचं असेल तर तुम्हीच विचारा."

"हां, एक हाय." म्हस्कू दत्ताकडे वळला. आपल्यासाठी माणूस उभा राहिला, याचा आनंद मास्कवरच्या त्याच्या डोळ्यांत मावत नव्हता. "दत्ताभाऊ, तुम्ही माझ्यासाठी सायबांशी बोलला व्हता ना? त्या सायबांचं नाव सांगा. त्यास्नी बी हितं बोलवू. म्हंजी ते बत्तीस दिस बी मिटतील."

टायपिस्टची बोटं थांबली. गौतमी मॅडमनी पेन उघडलं. दत्ताने एकेक साहेब आठवून पाहिला. कुणाचंही नाव घेतलं असतं तर एखादा दिवस निभावला असता.

"कुणाशीच न्हाई बोललो," तो म्हणाला.

"मोठ्याने सांगा," वकीलसाहेब म्हणाले. "ऐकू आलं नाही."

दत्ताने मास्क हनुवटीखाली ओढला आणि तेच वाक्य म्हस्कूकडे बघून पुन्हा सांगितलं.