मागच्या बाकावरची आई

दावणगेरेच्या शाळेने चिन्नीला घेतलं ते एका अटीवर: आईने वर्गात बसायचं. चिन्नी सहा वर्षांची, स्वमग्न. बोलायची अगदी मोजकं, आणि घंटा झाली की कान दाबून बाकाखाली शिरायची.

"वर्गात चाळीस पोरं. एकीमागे टीचर कशी धावणार?" मुख्याध्यापिका कमलाक्षम्मा म्हणाल्या होत्या.

मग तिची आई नागवेणी बसली, गुडघे पोटाशी घेऊन, मागच्या बाकावर. घंटेआधी लेकीच्या कानाशी सांगायची, "आता वाजणार हं." फाटकाशी इतर आया गप्पा मारत, ही आली की त्यांचं बोलणं तुटायचं. नवरा लॉरीवर, फिरतीचा. फोनवर म्हणायचा, "तू आहेस ना तिच्यापाशी? मग झालं."

पण कुठे झालं होतं! चिन्नी आईलाच धरून बसायची. फळ्याकडे पाठ, पोरांकडे पाठ. शेवटी नागवेणीने कमलाक्षम्मांना गाठलं.

"अम्मा, मी अशी चिकटून बसले तर ही माझ्यापलीकडे जायचीच नाही. शिकलेली मदतनीस पाहिजे."

"मी कुठून आणू गं?"

"तालुक्याच्या ऑफिसात विचारू. मी येते बरोबर."

दोघींनी खेटे घातले. दसऱ्यानंतर सुमंगला टीचर आली. नागवेणीने तिला सगळं सांगितलं: "मागून हात लावू नका. रडली तर 'का' म्हणून विचारू नका, नुसतं शेजारी बसा." सुमंगलाने कानांवर लावायचे जाड हेडफोन आणले, पुढे काय होणार ते दाखवणारी चित्रं आणली. नागवेणी हळूहळू बाकावरून दारात आली, दारातून व्हरांड्यात.

"आंटी, तुमचं नाव कटलं का?" एका पोराने विचारलं. सगळा वर्ग हसला, तीही हसली.

एका सकाळी चिन्नीने वर्गाच्या दारातच तिचा हात सोडला. "अम्मा, घरी," म्हणाली आणि सुमंगलाशेजारी जाऊन बसली.

लेक पहिल्यांदाच आपणहून दोन शब्द जोडून बोलली होती. नागवेणीने बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला. पलीकडे हॉर्नचा कालवा. "घाटात आहे, मग बोलू."

फाटकाशी आया उभ्या होत्या. ती जरा थबकली. कुणी वळून पाहिलं नाही.

ती कोपऱ्यावरच्या हॉटेलात शिरली. पोऱ्याने टेबल पुसत विचारलं, "अक्का, एकट्याच?"

"हो. एक बेण्णे दोसा."

लोणी विरघळलं, दोसा गार झाला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ती हळूच म्हणाली, "आज बोलली ती." आणि डोळे पुसून खायला लागली. शाळा सुटायला अजून बराच वेळ होता.