चौथ्याकडं वळलेला रोटर

शिक्रापूरच्या चौकातून पाबळच्या रस्त्याला लागलं की म्हाळूचं पत्र्याचं गॅरेज होतं. गेल्या दिवाळीपासून ते बंद होतं. आत दुरुस्तीला आलेली सोपानआप्पांची जुनी अँबॅसिडर तशीच उभी होती.

म्हाळूनं तिचं इंजिन पुरतं खोलून नव्यानं बांधलं होतं. पहिल्यांदा चालू करायच्या वेळी त्याच्या सांगण्यावरून जोडीदार संपतनं कार्बोरेटरच्या तोंडात थोडं पेट्रोल ओतलं आणि जाऊन चावी फिरवली. म्हाळू इंजिनावर वाकलेला होता. कार्बोरेटरमधून भडका उडाला तो थेट त्याच्या तोंडावर. पुण्याच्या दवाखान्यात जीव वाचला, डोळे गेले.

"संपतनं पेट्रोल जास्त वतलं," असं तो पट्ट्यांआडून म्हणाला होता. त्याच्या बायकोला, अंजनाला, तेवढं पुरलं. संपत वॉर्डाच्या दारात आला तेव्हा तिनं सगळ्यांदेखत त्याला हाकलून दिलं. पुढं त्याला कुठल्याच गॅरेजनं उभं केलं नाही.

उन्हाळ्यात आप्पांचा ड्रायव्हर बाळासो गाडी ओढून शिरूरच्या गॅरेजला न्यायला आला.

"दुपारपत्तुर थांब," म्हाळू म्हणाला. "अंजना, मला गॅरेजात ने."

"आता कशापायी? नेऊ द्या की त्यांना."

"माझ्या हातचं इंजिन हाय. का पेटलं ते मला कळलं पायजे."

त्यानं चाचपत पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला आणि त्या भोकावर अंगठा दाबून धरला. अंजनाला पुढून हँडल घालून हळूहळू फिरवायला सांगितलं. तिनं आजवर पान्यालाही हात लावला नव्हता. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा हवा दाबत, एकदा धूर बाहेर टाकत, आणि ठिणगी हवा दाबलेली असतानाच पडावी लागते, हे तो तिला सांगत होता. एकाएकी त्याचा अंगठा हवेनं उचलला.

"हां, हळू. पुलीवरची खाच खुणेसमोर आली का, म्हंजी पिस्टन पार वर?"

"आली."

"आता डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढ. आत रोटर हाय, कुठल्या प्लगला ठिणगी द्यायची ते तोच ठरवतो. त्याचं तोंड कुणाकडं हाय? पहिल्या प्लगच्या वायरीकडं ना?"

अंजनानं झाकण काढलं. एकेका वायरीवरून बोट फिरवत ती प्लगपर्यंत गेली. मग पुन्हा एकदा गेली.

"न्हाई. चौथ्याकडं हाय."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं मी. चौथ्याकडंच हाय."

म्हाळूचा अंगठा तिथंच राहिला. "धुराच्या फेऱ्याला बांधलं मी टायमिंग," तो म्हणाला. "ठिणगी उलट्या वक्ताला पडली. जाळ कार्बोरेटरातनं मागं आला."

"मग संपतभावजी..."

"त्यानं मी सांगितलं तेवढंच वतलं व्हतं."

अंजना मडगार्डला टेकली.

मग म्हाळूनं सांगितल्या तशा तिनं वायरी बदलल्या. पहिलीच्या जागी चौथी, दुसरीच्या जागी तिसरी. प्लग आणि झाकण परत बसवल्यावर बाळासोनं भरलेली बॅटरी जोडली.

"अंजना, तू भिंतीपाशी जा. पार मागं," म्हाळू ओरडला आणि स्वतः मात्र गाडीजवळ उभा राहिला. बाळासोनं चावी फिरवली आणि तिसऱ्या सेल्फला इंजिन लागलं. त्यानं टाळी वाजवली. म्हाळू वळून भिंतीकडं चाचपत निघाला.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं दौंडला गेले. संपत तिथं रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करत होता. सिमेंटनं पांढरा झालेला चेहरा घेऊन तो समोर आला. अंजनानं नवऱ्याला खांद्याला धरून त्याच्याकडं वळवलं. म्हाळूनं हात जोडून सगळं सांगितलं.

संपत खाली बघत ऐकत होता. "दादा, मी रोज आठवायचो," तो म्हणाला. "एक बूच वतलं का दोन. शेवटी शेवटी मलाबी वाटाया लागलं, की बाटलीच वतली आसंल."

"परत चल, संपत. मी समद्यांना सांगतो."

"न्हाई दादा. चावी मला आता हातात धरवत न्हाई."

"भावजी, दवाखान्यात मी..." अंजना बोलू लागली.

"राहू द्या, वहिनी."

मुकादमानं हाक मारली. संपतनं गोणी पाठीवर घेतली आणि वॅगनकडं गेला.

"गेला का?" म्हाळूनं विचारलं.

"व्हय."

परतीच्या एसटीला अवकाश होता. तोवर दोघं धक्क्याच्या भिंतीच्या सावलीला बसून राहिले.