काटा दम घेऊन राहिला

नितेशनं मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, "वहिनी, तुमी म्हनसान तेच सॉफ्टवेअर घेऊ." तेव्हाच मला कळलं की माझी कीव केली जात आहे. एरवी हा माणूस स्वतःच्या ऑफिसात चहापत्ती कोणती आणायची हेही दुसऱ्याला ठरवू देत नाही.

अमरावतीत आमचं लहानसं ऑफिस आहे. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगसाठी आम्ही प्रोग्राम करतो. गाडी वजनकाट्यावर चढली की वजन आपोआप कॉम्प्युटरमध्ये उतरावं आणि पावती निघावी, एवढंच काम. पण कुठे काय बिघडलं हे आम्हाला गिऱ्हाइकाच्या शिव्या खाल्ल्यावरच समजायचं. म्हणून या हंगामात लक्ष ठेवणारं एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं, आणि पसंतीला दोन आली.

एक लॉग गोळा करणारं. लॉग म्हणजे प्रोग्राम चालताना आपण काय करतोय ते ओळीओळीनं लिहीत जातो ते. सगळ्या जिनिंगमधल्या अशा ओळी एका जागी आणून हे त्यांची निवडानिवड करणार. दुसरं ओळी वाचतच नाही. ते नुसतं प्रोग्रामची नाडी धरून बसतं, आणि कुठे अडकला की आमच्या फोनवर बोंब मारतं. दोन्ही घेणं परवडणारं नव्हतं. माझ्या बाजूच्या टेबलावरच्या दानिशला दुसरं हवं होतं. मला पहिलं हवं होतं, आणि का ते सगळ्या ऑफिसला माहीत होतं.

त्या ओळी धर्मपालच्या होत्या. धर्मपाल माझा नवरा. काट्याचा अख्खा प्रोग्राम त्यानं लिहिला आणि लॉग चक्क वऱ्हाडीत लिहिला. दुनिया इंग्रजीत लिहिते, पण काट्यावरच्या माणसाला ते वाचता यावं आणि अडचण आली तर त्यानं फोनवर आम्हाला वाचून दाखवावं, अशी त्यानं रीतच पाडली होती. त्यासाठी स्क्रीनच्या तळाशी एक काळी खिडकी कायम उघडी असायची. कागद संपला की तिथे यायचं, ‘प्रिंटर रुसला, त्याले कागद द्या.’ वजन भलतंच दिसलं की यायचं, ‘काहून बाप्पा, गाडी हाय का पहाड?’

मागच्या उन्हाळ्यात अकोटच्या जिनिंगमधून परतताना दर्यापूरच्या अलीकडे ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. त्या सकाळी तो निघाला तेव्हा मी फोनवर एका गिऱ्हाइकाशी भांडत होते. त्यानं हेल्मेट उचललं, हात केला आणि गेला. त्याचं ‘येतो’ म्हणायचं राहिलं, माझं ‘ये’ म्हणायचं राहिलं. लोक सांत्वनाला आले, जेवण जात नव्हतं तरी ताटं वाढून गेले. मी कुणासमोर रडले नाही. ‘धर्मपाल गेला’ हे शब्दही तोंडातून काढले नाहीत, कारण गावोगावच्या काट्यांवर तो बोलतच होता.

अकोटच्या काट्यावर अब्दुल सत्तार बसतात. पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा. शेवटच्या दिवशी धर्मपाल त्यांच्याजवळ चहा पिऊन निघाला होता. त्यांचा फोन आला की सुरुवात ठरलेली असायची, "ज्योत्स्नाताई, भाऊ म्हनून राहिले का प्रिंटर रुसला." धर्मपालच्या मातीला ते स्वतः आले होते, तरी त्यांच्या लेखी भाऊ अजून म्हणून राहिलेच होते. मला ते फार बरं वाटायचं.

लॉगवालं सॉफ्टवेअर मी अकोटलाच लावून पाहिलं. त्याला धर्मपालची एकही ओळ समजेना. त्याला ठरावीक साच्यातली ओळ लागते, म्हणून त्यानं सगळ्या ओळी ‘अनोळखी’ नावाच्या ढिगात टाकल्या. दानिश म्हणाला की हे चालवायचं तर प्रत्येक ओळ इंग्रजीत, साच्यात बसवून लिहावी लागेल. मी म्हटलं बघू. खरं सांगायचं तर मला तो ढीगच आवडला होता. रोज ऑफिसात आले की मी तो उघडायची आणि चहा पिता पिता वाचत बसायची. नवऱ्याशी गप्पा माराव्यात तशी.

दिवाळीनंतर कापूस जोरात यायला लागला. एका सकाळी ढिगात एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती, ‘काटा दम घेऊन राहिला, जरासे थांबा.’ काट्याकडून आकडा यायला वेळ लागला की ही ओळ यायची आणि थोड्या वेळात गाडी रुळावर यायची. आज फारच दम लागला वाटतं गड्याला, असं मनात येऊन मला हसूही आलं. मी दुसरा चहा मागवला.

दुपारी जिनिंगच्या मालकाचा फोन आला. सकाळपासून एकही वजन झालं नव्हतं. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली होती, आणि मालकानं सत्तारभाईंना चारचौघांत नाही नाही ते सुनावलं होतं. दानिशनं इथूनच तपासलं. कॉम्प्युटरमध्ये जागाच उरली नव्हती, त्यामुळे वजनं उतरत नव्हती. धर्मपालच्या वेळी असं कधी झालं नव्हतं. त्यामुळे असल्या बिघाडाची वेगळी ओळ त्यानं लिहिलीच नव्हती, आणि प्रोग्राम आपला तीच एक म्हणत बसला.

मी सत्तारभाईंना फोन लावला आणि आधीच का कळवलं नाही म्हणून चढ्या आवाजात विचारलं.

"भाऊनंच सांगतलं थांबा म्हनून," ते म्हणाले. "मंग मी थांबलो."

मीही तेच केलं होतं. आम्ही दोघंही त्याच्या शब्दावर विसंबून बसलो होतो, आणि त्याला बिचाऱ्याला तिथे काय चाललंय हे ठाऊकच नव्हतं. पापणी न लवता धीर देत होता, खोटा धीर. तो असता तर संध्याकाळपर्यंत ती ओळ बदलून मोकळा झाला असता.

नितेश म्हणाला, वहिनी, ओळी तुम्ही सुधारा, भाऊंच्या ओळी तुमच्याशिवाय कोण लिहिणार. मी बसलेही लिहायला. ‘जागा संपली’ एवढं टाइप केलं आणि थांबले. हे मी लिहीत होते. त्याच्या तोंडी माझे शब्द घालून उद्या मीच ते ढिगात वाचणार आणि हसणार होते. माझा मलाच संताप आला. मी उठले आणि दानिशला सांगितलं, तुझं घे. त्यानं विजयी चेहरा केला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे.

नवीन सॉफ्टवेअर बसवायला अकोटला मी स्वतः गेले. दर्यापूर आलं तेव्हा एसटीत मी डोळे मिटून घेतले. सत्तारभाईंनी खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. मी त्यांना समजावलं की आता काही वाचून दाखवायला नको, बिघाड आम्हाला तिकडेच कळेल. काळी खिडकीही काढणार, म्हणजे तिच्यावर विसंबून कुणी थांबायला नको.

"म्हनजे आता भाऊ बोलनार नाई?"

"नाई बोलनार," मी म्हटलं. "भाऊ गेले, सत्तारभाई."

त्यांनी मान हलवली आणि फाटकाकडे पाहत राहिले. मी पहिल्यांदाच ते बोलले होते, आणि माझा आवाज मलाच परका वाटला.

नवीन बसवायचं तर काट्याचा प्रोग्राम आधी रीतसर बंद करावा लागतो. आमच्याकडे तसा तो कधी कुणी बंद करत नाही, लाइट जाते तेव्हा तो आपोआप बंद पडतो. मी मेनूत जाऊन ‘बंद करा’वर बोट दाबलं. काळ्या खिडकीत एक ओळ उमटली. ती ढिगात कधी आली नव्हती, मी कधी पाहिली नव्हती. माझे डोळे भरून आले आणि अक्षरं दिसेनाशी झाली.

सत्तारभाई पुढे वाकले, चष्मा वर सरकवला आणि सवयीनं मोठ्यांदा वाचलं.

"‘येतो बरं. काई लागलं तं आवाज द्या.’"

खिडकी मिटली.

"ये," मी म्हटलं.